‘असं’ लिहिलं होतं, ‘असे’ छापून आलं

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे एक छोटं पत्र पाठवलं होतं, आमच्या वाड्यावर पाव घेऊन येणारा पोदेर वारला त्याच्याबद्दल, जेमतेम दीडशे शब्द. तुम्ही ते छापलंत, आणि त्याच्या घरच्यांनी ते कात्रण फ्रेम करून फोर्नाजवळच्या (पाव भाजायच्या भट्टीजवळच्या) भिंतीला लावलंय, पिठाच्या धुळीने काच पांढरी होते आणि त्याची सून ती रोज पदराने पुसते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याबद्दल आधी तुमचे मनापासून आभार.

आता जे सांगायचंय ते सांगते. मी लिहिलं होतं, "पाऊस कितीही असो, पाव सुके यायचे." छापून आलं, "मुसळधार पावसातही ते ग्राहकांना कोरडा पाव उपलब्ध करून देत असत." बाकी पण जिथे जिथे मी असं, केलं, गेलं लिहिलं होतं तिथे असे, केले, गेले झालं, आणि "आमचा पोदेर" होता तिथे "स्थानिक पाव विक्रेते" आले.

मी रागाने लिहीत नाहीये हो. ज्यांनी कोणी ते दुरुस्त केलं त्यांनी आपलं काम नीटच केलं, व्याकरणाची एक चूक काढता येणार नाही, आणि रोज एवढा मजकूर हातावेगळा करायचा म्हटल्यावर प्रत्येक ओळीपाशी कोण थांबणार, हे मला कळतं कारण मी पण दिवसभर तसलंच काम करते. पण ते वाक्य माझ्याकडून चुकून तसं झालं नव्हतं, तीनदा खोडून मी ते तसं ठेवलं होतं. ते का, एवढं सांगायला हे पत्र, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी फोंडा तालुक्यात एका पतसंस्थेत गेली 19 वर्षं नोकरी करते. सभेचं इतिवृत्त मी लिहिते, नोटिसा मी काढते, वार्षिक अहवालाचं निवेदन मी टाइप करते. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले", "सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला", "थकबाकीदार सभासदांस कळविण्यात येते की", ही वाक्यं माझ्या बोटांना इतकी सवयीची झालीत की झोपेत पण टाइप होतील. आणि मला ती भाषा आवडते, हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली लोकांना वाटतं की मोकळं लिहायचं म्हणजे कचेरीच्या भाषेला नावं ठेवायची. तसं नाहीये. थकबाकीची नोटीस "कळविण्यात येते" अशा भाषेत जाते म्हणून ती त्या बाईला माझ्या तोंडून आल्यासारखी वाटत नाही, संस्थेकडून आल्यासारखी वाटते, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाजारात मासळीच्या रांगेत समोरासमोर आलो तरी एकमेकींशी बोलू शकतो. तेच मी जर लिहिलं असतं की अगं तीन हप्ते राहिले, कधी भरतेस, तर ती कायमची दुखावली असती. प्रमाण भाषा दोन माणसांच्या मध्ये एक हात अंतर ठेवते आणि कधी कधी ते अंतर हीच माया असते.

पण त्या अंतराचाच कधी कधी घात होतो. आमच्या वाड्यावर मध्यंतरी नळाला पाणी रात्री अडीचला यायचं. सगळ्यांच्या वतीने अर्ज लिहायचं काम अर्थात माझ्याकडे. पहिले दोन अर्ज मी पक्क्या कचेरीच्या भाषेत केले, "अनियमित व अपुऱ्या पाणीपुरवठ्यामुळे ग्रामस्थांची अतोनात गैरसोय होत असून", पोच मिळाली, शिक्का मिळाला, बाकी काही नाही. तिसऱ्या वेळी मी वरचा सांगाडा तसाच ठेवला, विषय, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, आधीच्या दोन्ही अर्जांच्या तारखा, पंधरा दिवस पाणी किती वाजता आलं किती वाजता गेलं त्याचा तक्ता, सगळं शिस्तीत. आणि मधेच एक परिच्छेद आम्ही बोलतो तसा लिहिला. "पाणी रात्री अडीचला येतं आणि चारला जातं. आमच्या शेजारची म्हातारी नळाखाली कळशी लावून उंबऱ्यावरच आडवी होते, कळशी भरून पाणी पायाला लागलं की तिला जाग येते." मग परत "सबब नम्र विनंती की". आठ दिवसांनी साहेब स्वतः आले, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं काय तर ती कळशीवाली आजी कुठे राहते. पाण्याची वेळ पहाटे पाचची झाली, आजही तीच आहे.

मी त्या दिवशी घरी येऊन तो अर्ज परत परत वाचला. सगळाच अर्ज तावातावाने, बोलल्यासारखा लिहिला असता तर तो फाईलीला लागलाच नसता. फाईलीला "उपरोक्त" लागतं, जावक क्रमांक लागतो. आणि सगळाच "उपरोक्त" मध्ये लिहिला असता तर आधीच्या दोघांसारखा तो पण खाली गेला असता. दोन आवाज एकाच कागदावर आले आणि दोघांनी आपापलं काम केलं, एकाने कागद टेबलापर्यंत नेला, दुसऱ्याने साहेबांना खुर्चीतून उठवलं.

आता यात आम्हा गोंयकारांची एक वेगळीच अडचण आहे, ती तुमच्या कार्यालयात बसलेल्यांना सांगायला नको, पण वाचकांसाठी सांगते. पुण्या-मुंबईच्या माणसाकडे घरात बोलायची मराठी असते आणि लिहायची मराठी असते, त्याने फक्त एकीकडून दुसरीकडे जायचं. आमच्या घरात रांदपकुडीतली, म्हणजे स्वयंपाकघरातली, भाषा कोंकणी. मराठी आमच्याकडे आली ती प्राथमिक शाळेतून, देवळातल्या भजन-कीर्तनातून, जत्रेच्या नाटकातून आणि सकाळच्या पेपरातून, म्हणजे न्हाऊन-धुऊन, सोवळं नेसूनच आली. तिला आम्ही घरच्या कपड्यांत कधी बघितलंच नाही. (हे भाषावादाचं पत्र नाही, 1987 च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याने दोघींना जी जागा दिली ती दिली, मी फक्त लिहायला बसल्यावर हाताचं काय होतं ते सांगतेय.) त्यामुळे मोकळं लिहायला गेलो की प्रश्न पडतो, मोकळं म्हणजे कुणासारखं? मी सुरुवातीला मोबाईलवर लिहायला लागले तेव्हा टीव्ही मालिकांतल्या बायका बोलतात तसं लिहायचे, "अगं काय सांगू तुला", "कसलं भारी ना". एकदा आतेला असंच काहीतरी वाचून दाखवलं, ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "हें तुजें उलोवप न्हय गो." (हे तुझं बोलणं नव्हे गं.) मला ते फार लागलं, कारण खरं होतं. मी प्रमाण भाषेची कॉपी सोडून दुसऱ्या कुणाच्या तरी घरातल्या भाषेची कॉपी करायला लागले होते.

माझी स्टाइल मला सापडली ती आजोच्या एका पत्रात. बाबा तेव्हा मुंबईला नोकरीला होते, आजो गावाहून लिहायचा. 1964 सालचं पत्र आहे, अजून आमच्या कपाटात आहे, घडीवर चिकटपट्टी लावून ठेवलंय. सुरुवात अशी, "चि. यांस अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण कीं, येथील सर्व मंडळी खुशाल असून तुमचें कुशल चिंतीत आहों." मग देवळाची वर्गणी, भाताचं पीक, कुणाचं लग्न ठरलं, सगळं त्याच चालीत, अक्षर मोत्यासारखं. आणि सगळ्यात खाली, सही करून झाल्यावर उरलेल्या जागेत तिरकं लिहिलेलं, "कपिलेक पाडी जाली. तांबडी. कपलार धवो तिळो." बस. (कपिलेला कालवड झाली, तांबडी, कपाळावर पांढरा टिळा.) आजोला "गाय प्रसूत होऊन कालवड झाली" असं लिहिता आलं नसतं असं नाही, वरच्या ओळी वाचल्या तर कळतं की त्याला सगळं येत होतं. पण कपिला गोठ्यातली, तिची बातमी त्याने गोठ्यातल्याच भाषेत दिली. बाबा सांगायचे की वरच्या ओळी एकदा वाचून त्यांनी पत्र घडी केलं, आणि ती खालची ओळ वाचायला रात्री परत उघडलं.

त्या पत्रात अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. आजो "असें", "तुमचें" लिहितो, मात्रेवर टिंब देऊन. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ज्यांचा उच्चार होत नाही ती टिंबं काढून टाकली, "असें"चं "असे" झालं, लिहिणाऱ्याचं काम सोपं झालं, चांगलंच झालं. आणि बोलण्यातलं जे रूप होतं ते "असं" म्हणून टिंब घेऊन राहिलं. म्हणजे एकाच "असें"ची ही दोन लेकरं, एक शाळेत गेलं आणि एक घरी राहिलं, पण रक्त एकच. आणि साहित्य महामंडळाच्या त्याच नियमांत पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायची मोकळीक पण आहे. मग माझं म्हणणं एवढंच की वाचकाचं पत्र हे अख्खंच कुणाच्या तरी तोंडचं असतं ना, बातमी तशी नसते, अग्रलेख तसा नसेल, पण पत्राखाली माणसाचं नाव असतं, तो बोलतोय असंच ते वाचलं जातं, तर त्याला ती मोकळीक का नसावी?

आणि हे मिसळणं काही आमच्या पिढीने मोबाईल हातात आल्यावर शोधून काढलेलं नाही, गोव्यात तर मुळीच नाही. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आले, आणि इथल्या भाषा शिकून त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं, 1616 मध्ये ते सासष्टीत राशोलला छापलं गेलं, रोमन अक्षरांत. प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडले आणि इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द ठायी ठायी मिसळले. चारशे वर्षांपूर्वी! ज्या माणसाने त्याच पुराणात मराठीची एवढी थोरवी गायली त्यानेच ती पातळ केली, आणि पातळ केली म्हणून ती देवळाबाहेर, चर्चबाहेर, साध्या माणसाच्या कानापर्यंत गेली. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप धीर आला होता, वाटलं की मी करतेय ते हलगर्जीपणा नाही, या मातीतली जुनी रीत आहे.

मात्र मिसळायचं म्हणजे हाताला येईल ते टाकायचं नाही, आणि याबाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. "पाणी"चं "पाणि" लिहिलं तर खुशाल दुरुस्त करा, मी स्वतः संस्थेत करते. एकाच परिच्छेदात एकदा "केलं" एकदा "केले" असं घडाघडा बदलत गेलं की वाचणाऱ्याला खडीच्या रस्त्यावरून स्कूटर नेल्यासारखं होतं. मला जे एवढ्या वर्षांत हाताने कळलं ते असं की आपल्या भाषेत माणूस कुठल्या आवाजात बोलतोय ते क्रियापदावरून कळतं, नामावरून तेवढं नाही. "जलवाहिनी फुटली आणि रस्ताभर पाणीच पाणी झालं" हे वाक्य बोलीतलंच वाटतं, जलवाहिनीसारखा जड शब्द असून. आणि "नळ फुटल्याने रस्त्यावर पाणी साचल्याचे निदर्शनास आले" हे नळ शब्द असून पण कचेरीतलंच. म्हणून मी नामं प्रमाण ठेवते, आकडे तारखा प्रमाण ठेवते, कुणावर आरोप असेल तर तो पूर्ण प्रमाण भाषेत लिहिते म्हणजे त्यात माझा राग सांडत नाही, आणि क्रियापदं घरातली ठेवते. कोंकणी शब्द वापरायचा तर ज्या वस्तूला दुसरा शब्दच नाही तिथे, पोदेर, फोर्न, आणि उंडो, कांकण ही पावांची नावं. बांगड्याच्या हुमणात (कालवणात) आपण तेफळं, म्हणजे तिरफळं, घालतो ना, चार-पाच ठेचून घातली की सगळ्या घरात वास जातो, मूठभर घातली तर जीभ बधिर होते आणि बांगडा कळत नाही. जड शब्दांचं तसंच आहे आणि गंमत म्हणजे घरगुती शब्दांचं पण तसंच आहे. आणि लिहून झालं की मोठ्याने वाचायचं, जिथे जीभ अडखळते तिथे आपण कुणाचं तरी उसनं घेतलेलं असतं.

आता ते वाक्य. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, "मुसळधार पावसातही त्यांनी सेवेत कधी खंड पडू दिला नाही." हे सत्काराच्या मानपत्रातलं झालं, यात पोदेराच्या जागी पोस्टमन घाला, डॉक्टर घाला, चालतं. मग चिडून लिहिलं, "काय तो पाऊस, आणि हा बाबा आपला पाव घेऊन हजर, एक थेंब नाही हां पावावर!" हे वाचताना पोदेर दिसेना, मीच दिसायला लागले, हातवारे करणारी. तिसऱ्यांदा ते आलं, "पाऊस कितीही असो, पाव सुके यायचे." यातलं "कितीही असो" लिहिण्यातलं आहे, बोलताना असं कोण म्हणतं, पण त्याने वाक्याला जरा उभं केलं, गेलेल्या माणसाबद्दल बोलतोय याचं भान ठेवलं. "यायचे" घरातलं. "सुके" आमचं, पुण्याचा माणूस "कोरडे" म्हणेल, पण आमच्या दारात ते सुकेच यायचे. आणि त्या वाक्यात पोदेर कुठेच नाही, फक्त पाव येतात, हे मी जाणूनबुजून केलं, कारण तो असाच होता. सायकलवर मागे टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक दोन पदरी, खाली गोणपाट, आणि तो स्वतः उघडा, केसांतून पाणी निथळतंय, हॉर्न वाजवून पायरीच्या खालीच थांबायचा म्हणजे बालकांव (दारापुढचा ओटा) ओला होऊ नये. प्लास्टिक एकच होतं आणि ते पावावर असायचं. "उपलब्ध करून देत असत" मध्ये हे बसत नाही हो. त्यात एक दुकान दिसतं, काउंटर दिसतो, तो भिजलेला माणूस दिसत नाही.

माझ्या भाच्याच्या निबंधात "आजीनं सांगितलं" वर लाल गोल करून गुण कापले होते, शाळेचं नाव घेत नाही, सगळीकडे हेच चालतं. त्याने पुढचा निबंध लिहिला त्यात आजी "उद्गारली". आमची आजी आयुष्यात कधी उद्गारली नाही. तेरा वर्षांच्या मुलाला आपल्या आजीचं बोलणं कागदावर आणायची लाज वाटायला लागली तर पुढे तो मराठीत लिहिणारच नाही, इंग्रजीत लिहील, आणि मग आपण परिसंवाद भरवणार. त्याला दोन्ही यायला हवं, अर्जात "कळविण्यात येते" आणि आजीच्या तोंडी "सांगितलं", आणि कुठे काय हे त्याचं त्याला ठरवता यायला हवं. ते शिकवायला पेपरासारखी दुसरी शाळा नाही, रोज सकाळी दारात येते.

म्हणून विनंती अशी की वाचकांच्या पत्रांत शुद्धलेखन तपासा, लांबी कापा, पण बोलीतली क्रियापदं आणि घरातले शब्द राहू द्या, निदान जिथे लिहिणाऱ्याने ते सगळीकडे सारखे वापरलेत तिथे तरी. आणि शंका आली तर एक फोन करा, नंबर सगळ्यांनी दिलेला असतो.

येत्या महिन्यात पोदेराच्या वर्षाचं मीस, म्हणजे चर्चमधली वर्षश्राद्धाची प्रार्थना, आहे. त्याच्या सुनेने मला पेपरात द्यायला चार ओळी लिहून मागितल्या, त्या या पत्रासोबत पाठवतेय. मी तिला आधी कात्रण वाचून दाखवलं आणि मग माझा मूळ कागद. ती फोर्नातले उंडे काढत होती, पाठमोरीच म्हणाली, "तें पावाचें तशेंच घाल, सुके म्हणून."

आपली नम्र,
एक वाचक, फोंडा